कंस मिटला की परत यायचं

४ मार्च

धाकटे,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर, मला आत्ता धड सुचत नाहीये. फोन करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी रडते, तू चिडतेस, मग तू रडतेस आणि मी फोन आपटते. त्यापेक्षा पत्र बरं.

आज पोस्टमनने एक कार्ड दिलं. घड्याळजींचं. त्यावर एकच ओळ: "माझा घोडा राजाच्या बाजूने बाहेर. आता बोल, म्हाताऱ्या!" मी बाबांच्या खोलीत मशीनवर बसले होते. घरात धड उजेड त्याच खोलीत येतो, म्हणून माझं सगळं शिवणकाम हल्ली तिथेच चालतं. कार्ड मोठ्याने वाचलं आणि सुईच मोडली. (हो, मोठ्यानेच. मला मनात वाचता येत नाही. हसू नकोस.) अगं, डाव चालू आहे! बाबा फेब्रुवारीपासून अंथरुणात, उजवी बाजू गेली, वाचा गेली, डॉक्टर सांगून गेले की समजण्याचाच भाग गेलाय, आणि तिकडे त्या बिचाऱ्या माणसाला कशाचा पत्ताच नाही! तो आपला उत्तराची वाट बघत बसलाय.

तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून हे दोघं पोस्टाने बुद्धिबळ खेळताहेत. एक चाल जायची, एक यायची, डाव वर्षभर पुरायचा. महिनाभर उत्तर गेलं नाही तर डाव सोडला असं धरायचं, हा त्यांचाच नियम. बाबांनी उभ्या आयुष्यात डाव सोडलेला नाही आणि तो मी सोडू? मला नाही जमायचं. घड्याळजींना खरं कळवणंही जमत नाही. दोनदा लिहायला बसले, 'बाबा' एवढं लिहून झालं आणि उठले.

पण आजारी पडायच्या आधी बाबा मला म्हणाले होते, "तो काहीही खेळू दे, माझं उत्तर तयार आहे." म्हणून त्यांचा कंप्युटर उघडला. या डावाची फाइल सापडली आणि माझे डोळेच पांढरे झाले. पानंच्या पानं नुसते कंस! कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस, मधेमधे 'घो', 'उं', 'व' असली अक्षरं. बस डेपोत जन्मभर वेळापत्रकं आखणाऱ्या माणसाने म्हातारपणी हे काय आरंभलं होतं?

पेनड्राइव्ह सोबत पाठवतेय. तू दिवसभर असलंच काहीतरी करतेस ना? मग हे सगळं वाचून मला फक्त पुढची चाल सांगेल असं काहीतरी करून दे. मला घोडा कसा चालतो तेही आता नीट आठवत नाही.

तुझी
ताई


१५ मार्च

ताई,

फाइल उघडली आणि ऑफिसात सगळ्यांसमोर ओरडलेच, "अगं बाई!" शेजारचा मुलगा चहा सांडून घेऊन उभा राहिला. त्याला काय सांगू? माझ्या बापाने कुणाला न विचारता, कुठलं पुस्तक न वाचता, शक्यतांचं आख्खं झाड लिहून ठेवलंय!

तुला कळेल असं सांगते. गिऱ्हाइकाला तू म्हणतेस ना, कापड उरलं तर खिसा करीन. खिसा केला तर झाकण लावीन. झाकण लावलं तर बटण, नाहीतर हूक. बाबांनी तेच केलंय. घड्याळजींनी घोडा काढला तर मी हे करीन. मग त्यांनी प्यादं ढकललं तर हे, उंट आणला तर ते. प्रत्येक 'तर'ला एक कंस. एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. कुठे कुठे इतके खोल गेलेत की मी मोजायचा नाद सोडला.

हे वाचायला जो प्रोग्राम लिहिला तो असा: कंस उघडला की स्वतःलाच हाक मार आणि आत जा. आत आणखी कंस दिसला तर पुन्हा स्वतःलाच हाक मार. कंस मिटला की जिथून निघालास तिथे परत ये. झालं! वाटतं सोपं, पण पहिल्याच दिवशी माझ्या पटावर दोन वजीर एकाच घरात उभे. मी कपाळावर हात मारला. मी कंसातून बाहेर यायचे, पण आत खेळलेल्या चाली मागे घ्यायच्या विसरायचे. परत यायचं म्हणजे नुसतं उंबऱ्याशी यायचं नाही. एकेक चाल उलट्या क्रमाने मागे घ्यायची, मारलेली सोंगटी डबीतून काढून परत तिच्या घरात ठेवायची, पट जसा होता तसा करायचा आणि मगच पुढचा कंस. ते केलं आणि सगळं सुतासारखं सरळ झालं.

चाली मागे घेताना बाबाच आठवत होते. मी लहानपणी दर डावात कडेचं प्यादं पुढे ढकलायचे, आठवतं? एकदाही रागावले नाहीत. प्यादं उचलून परत घरात ठेवायचे आणि पटावर बोट दोनदा आपटायचे. टक टक. म्हणजे मी चिडलो नाही, पुन्हा खेळ.

प्रोग्राम पेनड्राइव्हवर आहे. घड्याळजींची चाल टाइप करायची, उत्तर समोर येईल.

आता दुसरं. रागावू नकोस. माझ्या इथे एक संस्था आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना नीट सांभाळतात. मी बघून आले. स्वच्छ आहे, बायका प्रेमळ आहेत. तुझी पाठ गेलीय, गिऱ्हाइकं तुटताहेत, तू स्वतः शेवटचं कधी पोटभर झोपलीस? ताई, बाबा आता त्या खाटेवर नाहीत. तिथे त्यांचं नुसतं शरीर उरलंय. शरीराला कुठल्या खोलीत ठेवलं याने त्याला काय फरक पडतो?

धाकटी


२० एप्रिल

धाकटे,

आधी चांगलं सांगते, मग तुझी खरडपट्टी काढते.

घड्याळजींची चाल टाइप केली आणि बटण दाबलं. क्षणात उत्तर! 'उंट बाहेर.' मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. बाबा आतून बोलल्यासारखं वाटलं. हात थरथरायला लागल्यापासून ते चाली छापून कार्डावर चिकटवायचे, त्यामुळे अक्षराचा प्रश्न नाही. छापली, चिकटवली, टाकली. आठवडाभरात तिकडून चाल आली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा उत्तर. घड्याळजी लिहितात, "म्हाताऱ्या, यंदा फॉर्मात दिसतोस." मला हसू आलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या डोक्यात राहत नाही म्हणून बाबांचा जुना पट काढून मांडलाय. खाटेच्या डाव्या अंगाला ते लहान टेबल आहे ना, त्यावर. चाल आली की मी तिथे खेळून ठेवते.

आता तुझं ते संस्थेचं. काय लिहितेस हे! वाचताना माझी जीभ अडखळली. नेहमीसारखी मशीनवर बसून तुझं पत्र वाचलं आणि बाबांना सूप पाजायला गेले, तर तोंड उघडेनात. डावीकडच्या भिंतीकडे मान फिरवून पडले. डोळ्यावर ऊन येत असेल म्हणून पडदा ओढला, तरी वळेनात. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं, मी सूप ओतून दिलं.

पुन्हा असलं लिहू नकोस.

ताई


२ मे

ताई,

लिहिणार. तू माझ्यापेक्षा मोठी आहेस म्हणून बरोबर असतेस असं नाही.

संस्थेतल्या बाईंचा फोन आला होता. जुलैच्या मध्यापर्यंत जागा धरून ठेवताहेत, त्यापुढे नाही. डॉक्टरांशीही मी बोलले. ते म्हणाले, डाव्या हाताची जी हालचाल दिसते ती नुसती चाळवाचाळव, तिच्यात हेतू नसतो. तुला वाटतं ते ऐकतात. ऐकत नाहीत गं. फेब्रुवारीत मी आले होते तेव्हा तू दुकानात गेलीस आणि मी त्यांचा हात धरून बोलत बसले. सगळं बोलले, जे कधी बोलले नव्हते तेही. डोळ्यांत काही म्हणजे काही हललं नाही. खुर्चीशी बोलावं तसं झालं. त्या दिवशी मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की बाबा गेले. तूही ठरव, नाहीतर त्या खाटेच्या कडेला बसून तू संपशील. मला एक माणूस गेल्याचं दुःख पुरे आहे, दोन नकोत.

मला दुष्ट म्हण हवं तर. पण विचार कर.

धाकटी


१९ जून

धाकटे,

आमच्याकडे सगळं उलटंपालटं झालंय. कुठून सुरुवात करू?

तुझं ते मेमधलं पत्र वाचलं, त्यानंतर दोन दिवस बाबांनी चमचा तोंडात घेतला नाही. ओठ घट्ट. डॉक्टरांना बोलावलं तर म्हणाले, आता हे असंच होत जाणार. नंतर खायला लागले.

त्यात हा पट. तिसरं उत्तर हत्तीचं आलं. मी हत्ती पुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हत्ती मागे! पुसताना धक्का लागला असेल म्हणून परत पुढे केला. पुन्हा मागे. हाताचा व्यायाम करून घ्यायला जो माणूस येतो ना, त्याला मी चांगलंच फैलावर घेतलं. "तुम्ही व्यायाम घ्यायला येता की खेळायला?" चौथ्या उत्तरानंतरही तेच. कुणाला दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची एवढी हौस असते मला कळत नाही.

आणि गेल्या आठवड्यात पाचवं उत्तर पाठवलं, त्यावर हे कार्ड आलंय. जसंच्या तसं उतरवते: "वजीर फुकट? ज्या माणसाने मला कधी प्यादं फुकट दिलं नाही तो वजीर देईल? मी तो मारणार नाही. हत्ती हलवलात तेव्हाच मला शंका आली होती. तुम्ही कोण आहात? तो गेला का? गेला असेल तर मला असं फसवू नका, मी म्हातारा आहे."

धाकटे, आपण काय करून बसलो? तुझ्या त्या यंत्राने बाबांचा वजीर देऊन टाकला! बाबांचा! मी घड्याळजींना रडत रडत सगळं खरं कळवून टाकलं.

थकले मी. काल बाबांना कूस बदलून देताना पाठीत अशी चमक भरली की तशीच जमिनीवर बसून राहिले, कुणाला हाक मारायची सोय नाही. तू म्हणतेस ते खरं असेल. संस्थेला कळव. घेऊन जाऊ दे. मला विचारू नकोस आता, कळवून टाक.

ताई


२६ जून

ताई,

चूक सापडली. सापडल्यापासून मला जेवण गेलेलं नाही.

प्रोग्राम बरोबर आहे. कंस नीट उघडतात, नीट मिटतात, एक सोंगटी इकडची तिकडे होत नाही. चूक माझ्या गृहीत धरण्यात आहे. जिथे एकाच जागी बाबांच्या दोन-तीन चाली लिहिलेल्या असतील तिथे पहिली ती खरी, बाकीच्या नुसत्या शक्यता, असा जगभर संकेत आहे. मी डोळे मिटून तोच धरला. पहिल्या दोन उत्तरांना एकेकच चाल होती म्हणून निभावलं. तिसऱ्याला तीन कंस होते आणि आपण पहिल्यात शिरलो.

पण बाबा कसे शिकवायचे, आठव. "आधी मोह पडेल ती चाल बघायची. ती कुठे नेऊन बुडवते ते शेवटपर्यंत बघायचं. मग दुसरी. सगळ्यात शेवटी आपली." त्यांनी लिहिलंही तसंच! पहिला कंस म्हणजे खड्डा, आणि त्यांनी तो तळापर्यंत खणून दाखवलाय, वजीर जाईपर्यंत. खरी चाल नेहमी शेवटच्या कंसात. जगातल्या कुणालाही हे माहीत नसतं तर चाललं असतं, मला माहीत नसावं? त्यांच्या मांडीवर बसून शिकले मी! इतकी वर्षं दुसऱ्यांचे संकेत पाळले आणि घरचा विसरले.

दुरुस्त केलेला प्रोग्राम पाठवतेय. तिसऱ्या उत्तराच्या जागेपासून चालवून बघ. अर्थात आता त्याचा उपयोग काय, गेलेली चाल गेली.

संस्थेला कळवलं. गाडी १५ तारखेला सकाळी येईल. त्यांचे दोन-चार कपडे आणि चष्मा एवढंच द्यायचं. मी इकडून थेट संस्थेत पोचेन. ताई, तू काही चुकीचं करत नाहीयेस. त्यांना कळणारही नाही की खोली बदलली.

धाकटी


४ जुलै

धाकटे,

बसली आहेस का? बस आधी.

काल दुपारी तुझं पत्र आलं. मशीनवर बसून वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "त्यांना कळणारही नाही की खोली बदलली" इथे आले आणि पत्र मांडीवर ठेवून तशीच बसून राहिले. मशीन बंद. खोलीत अगदी शांत.

आणि टक असा आवाज झाला.

मला वाटलं काही पडलं. वळून बघते तर बाबांचा डावा हात टेबलावर. दोन बोटांत वजीर. तो थरथरणारा हात वजिराला फरफटत मागे नेत होता. वजीर त्याच्या जुन्या घरात उभा केला. मी पत्र टाकून खाटेशी गेले.

मग त्यांनी काळा उंट उचलला. मागे. मग आपलं एक प्यादं. मागे. मग काळा घोडा मागे घेतला, आणि त्या घोड्याने आपलं जे प्यादं मारलं होतं ना, ते डबीतून शोधायला लागले. डबी आडवी झाली, सोंगट्या खाटेखाली गेल्या. मी गुडघ्यावर रांगत त्या गोळा केल्या, ओंजळीत धरल्या, तर त्यांनी माझ्या ओंजळीतून बरोबर पांढरं प्यादं निवडलं आणि बरोबर त्याच घरात ठेवलं! मग हत्ती. तो हत्ती, धाकटे, जो रोज सकाळी मागे गेलेला असायचा! त्या व्यायामवाल्याला मी काय काय बोलले! हत्ती हलवणारा तो कधी नव्हताच.

एकही चाल चुकली नाही. उलट्या क्रमाने, तू तुझ्या यंत्राबद्दल लिहिलं होतंस अगदी तसं. सगळं जागच्या जागी आल्यावर ते थांबले. दम लागला होता, कपाळावर घाम. मग आपला घोडा उचलला आणि वजिराच्या बाजूने पुढे ठेवला. आणि माझ्याकडे बघितलं.

तू म्हणतेस डोळ्यांत काही नव्हतं. होतं. आपण डाव्या बाजूला कधी बसलोच नाही गं! त्यांची मान उजवीकडे वळत नाही आणि आपण दोघी खुर्ची उजवीकडे टाकून बसायचो, हात धरायचा म्हणून. गेलेला हात धरायचा!

मी धावत कंप्युटरकडे गेले. पेनड्राइव्ह घालताना तीनदा उलटा घातला. तुझा दुरुस्त केलेला प्रोग्राम त्या जागेपासून चालवला. उत्तर आलं: 'घोडा, वजिराच्या बाजूने पुढे.'

मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. डॉक्टर आज येऊन गेले. बाबांना डावीकडून दोन प्रश्न विचारले, हो असेल तर बोट उचला म्हणाले. बोट उचललं. मग डॉक्टर म्हणाले, "माझी तपासणी अपुरी होती." एवढंच? वाटलं होतं चार शब्द सुनवावेत, पण मी तरी काय केलं?

आता जे लिहायचं आहे त्याने माझा हात आखडतोय. धाकटे, त्यांनी सगळं ऐकलंय. तुझी सगळी पत्रं मी याच खोलीत वाचली. 'नुसतं शरीर' ते ऐकलं. 'खुर्चीशी बोलावं तसं' ते ऐकलं, त्यानंतर ते दोन दिवस जेवले नव्हते. आणि १५ तारखेची गाडी.

संस्थेला मी स्वतः फोन करून कळवलं, गाडी पाठवू नका.

ताई


११ जुलै

ताई,

इथपासून खाली मी रेघ मारीन तिथपर्यंत मनात वाच. जमत नसलं तरी. ओठ दातांत धर, काहीही कर, पण आवाज काढू नकोस.

मी तोंड कुठे लपवू? तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि जिन्यातच बसले, लोक वळसा घालून जात होते. मी त्यांना मेलेलं ठरवलं आणि ते पोस्टाने त्यांच्याच खोलीत पाठवलं! एकदा नाही, तीनदा! आणि त्यांना उत्तर द्यायला तोंड नाही, हात नाही, मान फिरवायला फक्त भिंत. ही आपली कुणीच नाही, असं ते समजत असतील. मी त्यांच्यासमोर उभी कशी राहू ते मला कळत नाही. त्यांनी मला बघून मान फिरवली तर? ताई, मला भीती वाटते. खरंच खूप भीती वाटते.

ऑफिसात सांगितलंय. घरी तुमच्याकडे राहून काम करीन, पुढचं पुढे बघू. महिनाअखेरीस येतेय, राहायला. रात्री मी उठेन, तू झोप.

______

आता मोठ्याने वाच. डावीकडे बसून.

बाबा,

मी धाकटी.

मी तुमच्याबद्दल जे जे लिहिलं ते तुम्ही ऐकलंत. त्याला कुठलीही सबब नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून, अंतर होतं म्हणून, ताईची पाठ दुखते म्हणून, हे सगळं खरं आहे आणि तरी सबब नाही. मला वाईट वाटलं होतं आणि ते लवकर संपवायचं होतं, म्हणून मी तुम्हाला संपवलं. मला माफ करा असं म्हणायला जीभ वळत नाही.

तुमची फाइल मी रोज वाचते. शेवटच्या कंसापर्यंत.

एक विचारू? माझ्याशी एक डाव खेळाल? काळ्या सोंगट्या तुम्ही घ्या. माझी पहिली चाल ताई पटावर करील. तुम्हाला खेळावंसं वाटलं नाही तर मी समजेन.

कडेचं प्यादं, दोन घरं पुढे.

तुमची
धाकटी


१९ जुलै

धाकटे,

आधी घड्याळजींचं. मी त्यांना दुसरं पत्र धाडलं होतं, घोड्याची चाल आणि काय झालं ते सगळं. काल त्यांचं कार्ड आलं: "वजीर परत. प्यादं परत. हत्ती परत. घोडा पोचला, आणि त्या घोड्याने माझी झोप उडवली आहे. डाव चालू. म्हाताऱ्या, मला किती घाबरवलंस!" बाबांना डावीकडे बसून वाचून दाखवलं. ओठाचा डावा कोपरा वर गेला. मी सांगते ते हसणंच होतं.

आता तुझं पत्र. मी मोठ्याने वाचलं. सगळं. रेघेच्या वरचंसुद्धा. अगं, मला मनात वाचता येत नाही हे तुला किती वेळा सांगायचं? दोन ओळी ओठ दाबून बघितल्या, अक्षरंच दिसेनाशी झाली. मग वाचलं झालं. तुला भीती वाटते तेही वाचलं. मध्येच थांबले तर त्यांनी बोटाने खूण केली, पुढे वाच.

वाचून झाल्यावर दुसरा पट काढला, तुझ्या लहानपणीचा, एक हत्ती कान तुटलेला तो. सोंगट्या मांडल्या आणि तुझं कडेचं प्यादं दोन घरं पुढे केलं. बाबा कितीतरी वेळ नुसते त्या प्याद्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला मी गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

मग हात पुढे आला. तुझं प्यादं उचललं, हळूहळू मागे नेलं आणि परत त्याच्या घरात ठेवलं.

आणि पटावर बोट आपटलं. टक. हात घसरला, तो पुन्हा उचलला, आणि पुन्हा एकदा. टक.

ये लवकर. चाल तुझीच आहे.

ताई